मंद जोडणीचे निदान : डायल-अप मोडेमच्या अनुभवाचा अभ्यास

अमेरिकेतील एओएल या कंपनीने ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली डायल-अप इंटरनेट सेवा कायमची बंद केली. दूरध्वनीच्या साध्या तारेवरून क्रमांक फिरवून संगणक जगाशी जोडण्याची ही पद्धत आता इतिहासजमा झाली, असे अनेकांस वाटले असेल. परंतु २०२३ सालच्या तेथील जनगणना खात्याच्या पाहणीनुसार, त्या संपन्न देशातही सुमारे १ लाख ६३ हजार कुटुंबे केवळ डायल-अप जोडणीवरच अवलंबून होती. भारतात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली, तीही याच मार्गाने. त्यानंतरची जवळजवळ दहा वर्षे कार्यालये, शाळा, महाविद्यालये आणि पुढे काही ग्रामपंचायतीही याच तारेवर विसंबून होत्या.

त्या काळात एक तक्रार सार्वत्रिक होती. मोडेमच्या खोक्यावर वेग छापलेला असे ५६,००० बिटांचा आणि प्रत्यक्षात हाती येई त्याच्या निम्मा, पाव किंवा त्याहूनही कमी. ग्राहक मोडेम विकणाऱ्याला दोष देई, विक्रेता दूरध्वनी खात्याकडे बोट दाखवी, खाते सेवादात्याकडे आणि सेवादाता पुन्हा ग्राहकाच्या संगणकाकडे. या फेऱ्यात दोष जेथे असे तेथे तो तसाच राही. मंद जोडणीचे निदान करण्याची एक शिस्तबद्ध रीत त्या काळच्या जाणकारांनी अनुभवाने बसविली. गावोगावी प्रकाशतंतूची जोडणी पोहोचत असताना ती रीत समजून घेणे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य या सर्वांनाच उपयुक्त आहे.

आवाजाच्या वाटेने आकडे

दूरध्वनीची यंत्रणा माणसाचे बोलणे वाहून नेण्यासाठी उभारली गेली. बोलणे समजण्यास ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्या कंपनसंख्येचा पट्टा पुरतो, म्हणून एका संभाषणास तेवढाच पट्टा देण्याचा प्रघात पडला. संगणकाची भाषा मात्र शून्य आणि एक या दोन चिन्हांची. ती चिन्हे ऐकू येणाऱ्या स्वरांत बदलून तारेवर सोडावयाची आणि दुसऱ्या टोकास त्या स्वरांतून पुन्हा चिन्हे काढावयाची, हे काम मोडेम करते. जोडणी होताना मोडेममधून जे विचित्र सूर ऐकू येत, ते निरर्थक नव्हते. पलीकडील मोडेम प्रथम २,१०० हर्ट्झचा उत्तरस्वर देई. त्यामुळे लांब पल्ल्याच्या मार्गावरील प्रतिध्वनी-नियंत्रक उपकरणे बाजूला होत. त्यानंतर दोन्ही मोडेम निरनिराळ्या उंचीचे स्वर सोडून तारेची परीक्षा घेत आणि कोणता स्वर कितपत शाबूत पोहोचतो हे पाहून आपसांत वेग ठरवीत. थोडक्यात, जोडणीचा वेग खोक्यावरील आकड्याने ठरत नसे. तो प्रत्येक वेळी त्या तारेची प्रकृती पाहून ठरे.

या वेगास निसर्गाची एक मर्यादाही आहे. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली दाखवून दिले की, कोणत्याही मार्गाची वहनशक्ती दोन गोष्टींवर अवलंबून असते : मार्गाच्या पट्ट्याची रुंदी आणि मूळ संकेत गोंगाटाच्या किती पट बलवान आहे ते प्रमाण. ३,१०० हर्ट्झचा पट्टा आणि गोंगाटाहून सुमारे तीन हजार पट बलवान संकेत, अशी चांगल्या तारेची स्थिती धरली तर मर्यादा सेकंदास ३६,००० बिटांच्या आसपास येते. गोंगाट वाढला की ही मर्यादाच खाली उतरते. मग मोडेम कितीही महागाचे असो, त्याचा उपाय चालत नाही.

वेगाची चढती भाजणी

मोडेमचा वेग टप्प्याटप्प्याने वाढत गेला. १९६० च्या दशकात सेकंदास ३०० बिटे ही मोठी गोष्ट होती. १९८४ च्या सुमारास २,४०० व ९,६०० बिटांची आंतरराष्ट्रीय प्रमाणके निघाली. १९९१ मध्ये १४,४०० बिटांचे, १९९४ मध्ये २८,८०० बिटांचे प्रमाणक आले आणि १९९६ मध्ये हा आकडा ३३,६०० वर गेला. येथे शॅननची मर्यादा जवळ आली होती.

तरीही १९९८ साली व्ही.९० या प्रमाणकाने ५६,००० बिटांचा वेग शक्य केला. यात चमत्कार नव्हता. त्या वेळेपर्यंत अनेक दूरध्वनी केंद्रे अंकीय झाली होती. अंकीय केंद्र आवाजाचे सेकंदास ८,००० नमुने घेते आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत मांडते. सेवादाता आपल्या बाजूने अंकीय तारेवरच बसलेला असेल, तर त्याच्याकडून येणाऱ्या माहितीस केंद्रापर्यंत कोठेही रूपांतराची झीज सोसावी लागत नाही. ८ पैकी ७ बिटांचा भरवसा धरला तरी ८,००० गुणिले ७ म्हणजे ५६,००० बिटे होतात. मात्र यास दोन अटी होत्या. सेवादात्यापासून ग्राहकापर्यंतच्या मार्गात अंकीयचे स्वरांत रूपांतर एकदाच, म्हणजे ग्राहकाच्या केंद्रातच, झाले पाहिजे. आणि हा वेग केवळ येणाऱ्या माहितीस लागू. ग्राहकाकडून जाणाऱ्या माहितीस ३३,६०० बिटांचीच मर्यादा राही. ज्या गावचे केंद्र जुन्या धर्तीचे होते किंवा ज्याचा पुढील मार्ग अंकीय नव्हता, तेथे ५६,००० बिटांचे मोडेम विकत घेऊनही काहीच पदरात पडत नसे. अनेकांचा पैसा येथेच वाया गेला.

वेग कशास म्हणावे?

निदानाची पहिली पायरी म्हणजे नेमका कोणता आकडा पाहावयाचा हे ठरविणे. यात दोन गैरसमज फार रूढ होते. पहिला बिट आणि बाइट यांचा. जोडणीचा वेग बिटांत सांगतात, तर संगणक फाइल उतरवून घेताना गती बाइटांत दाखवितो. ८ बिटांचा एक बाइट होतो. २८,८०० बिटांच्या जोडणीवर पडद्यावर सेकंदास साडेतीन हजार बाइट असा आकडा दिसला, तर जोडणी मंद नसून पूर्ण वेगाने चालत आहे असे समजावे.

दुसरा गैरसमज संगणक व मोडेम यांमधील वेगाचा. अनेक संगणक जोडणी होताच १,१५,२०० असा आकडा दाखवीत. तो संगणकापासून शेजारच्या मोडेमपर्यंतच्या लहानशा वायरीचा वेग असे. मोडेमपासून पलीकडील मोडेमपर्यंतचा खरा वेग पाहण्यासाठी मोडेमला तशी आज्ञा द्यावी लागे. नेमका आकडा कळल्याशिवाय तक्रार करणे म्हणजे ताप न मोजताच औषध मागणे होय.

वेगाचा व्यवहारातील अर्थ एका साध्या हिशेबाने स्पष्ट होतो. एक मेगाबाइट माहिती उतरवून घेण्यास ९,६०० बिटांच्या जोडणीवर साडेचौदा मिनिटे लागत, २८,८०० वर सुमारे पाच मिनिटे आणि ४४,००० वर तीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ. दूरध्वनीचे देयक काळाच्या हिशेबाने आकारले जाई. म्हणून मंद जोडणी केवळ गैरसोयीची नव्हती, ती महागही होती. तेच काम, पण तिप्पट आकार, अशी स्थिती ग्राहकावर येई. सेवादात्याचा क्रमांक दुसऱ्या गावी असल्यास त्यावर एसटीडीचा दरही चढे.

दोष घरात की घराबाहेर?

जाणकारांची रीत अशी होती की, संगणकापासून सेवादात्यापर्यंतच्या मार्गाचे टप्पे पाडावयाचे आणि एका वेळी एकाच टप्प्याची परीक्षा करावयाची. आरंभ घरापासून होई, कारण तेथील दोष ग्राहकास स्वतः दूर करता येतात.

प्रथम मोडेमऐवजी साधा दूरध्वनी जोडावा, रिसीव्हर उचलून एक आकडा फिरवावा व डायलचा स्वर थांबताच काही सेकंद शांतता ऐकावी. ती निर्मळ असेल तर तार बहुधा चांगली. चरचर, फसफस किंवा घुमणारा आवाज ऐकू आला तर गोंगाट आहे हे निश्चित. यानंतर घरातील जोडउपकरणे, म्हणजे समांतर दूरध्वनी, फॅक्स, उत्तर नोंदविणारे यंत्र, एकेक करून काढून ठेवावीत. एकाच तारेवर तीन-चार उपकरणे लोंबत असतील तर संकेत वाटला जातो. उपकरण काढूनही तशीच राहिलेली फाटा-तार संकेत उलट परावर्तित करते आणि वेग खाली आणते.

मग मोडेम घरातील पहिल्या रोझेटवर, म्हणजे बाहेरची तार जेथे घरात शिरते तेथेच, जोडून पाहावा. तेथे वेग वाढला तर दोष घरातील वायरीत आहे. आतल्या खोल्यांत ओढलेली चपटी, पिळ नसलेली लांब वायर, ट्यूबलाइटच्या चोकजवळून किंवा विजेच्या वायरीला लगटून गेलेली तार, गंजलेले स्क्रू ही नेहमीची कारणे होत. कॉल वेटिंगची सोयही त्रासदायक ठरे. दुसरा कॉल आल्याची टिकटिक मोडेमला गोंगाट वाटे आणि जोडणी तुटे.

संगणकाकडेही पाहणे आवश्यक असे. जुन्या संगणकांतील क्रमिक जोडाची चिप एका वेळी एकच बाइट धरून ठेवी. प्रोसेसर अन्य कामात गुंतला की पुढील बाइट हरवत आणि ते पुन्हा मागवावे लागत. १६ बाइटांची साठवण असलेली चिप आल्यावर हा दोष दूर झाला. तसेच स्वस्त मोडेमांपैकी काही आपले बहुतेक काम संगणकाच्या प्रोसेसरवर ढकलीत. अशक्त संगणकावर ते हमखास मंद चालत.

तार, सांधा आणि पाऊस

घराबाहेर खांबावरील डीपीपासून पिलरमार्गे केंद्रापर्यंत तांब्याच्या तारांची जोडी जाते. तिची लांबी व जाडी यांवर संकेताची झीज अवलंबून असते. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तारेच्या जोडीचा जाऊन-येऊन रोध किलोमीटरमागे सुमारे १७५ ओहम, तर ०.४ मिलिमीटर जाडीच्या जोडीचा सुमारे २७५ ओहम भरतो. यामुळे केंद्रापासून दूरच्या वाडीवर बोलणे स्पष्ट ऐकू येते, पण मोडेमचा वेग चढत नाही. बोलण्यातील वरच्या पट्टीचे स्वर झिजले तरी कान ते सांभाळून घेतो. मोडेमचे मात्र त्या वरच्या पट्टीवाचून भागत नाही. ‘फोन तर व्यवस्थित चालतो’ असे उत्तर तक्रारदारास मिळे, त्यात हाच घोटाळा होता. ऐकण्यास योग्य तार आणि मोडेमला योग्य तार या दोन वेगळ्या कसोट्या आहेत.

सांध्यांचे महत्त्व याहून अधिक. तारांची जोडी पिळलेली असते, कारण शेजारच्या वीजवाहिनीचा परिणाम दोन्ही तारांवर सारखाच व्हावा व तो परस्पर नाहीसा व्हावा. दोन तारांपैकी एकीचा सांधा गंजला की हा समतोल बिघडतो आणि ५० हर्ट्झच्या विजेचा घुमणारा आवाज तारेत शिरतो. कोकणासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात सांध्यात पाणी शिरणे हा वार्षिक क्रमच असे. जुन्या शिशाच्या वेष्टणाच्या केबलींत आतील तारांना कागदाचे वेष्टण असे. वेष्टणास चीर पडली की कागद ओला होई आणि शेकडो जोड्या एकदम बिघडत. जेली भरलेल्या केबली आल्यावर हा धोका पुष्कळ कमी झाला. पावसानंतर वेग उतरत असेल आणि चार दिवस ऊन पडताच सुधारत असेल, तर दोष सांध्यात आहे असे जवळजवळ खात्रीने सांगता येई. अशा वेळी केंद्रातून मेगरने तारांचा परस्परांशी व जमिनीशी असलेला निरोध मोजून लाइनमन नेमका भाग शोधी.

केंद्र आणि त्यापुढील मार्ग

जुन्या स्ट्रोजर केंद्रांत यांत्रिक निवडक फिरून कॉल जोडीत. त्यांच्या हालचालींनी शेजारच्या तारांत क्षणिक खटके उमटत. बोलणाऱ्यास ते जाणवतही नसत, परंतु मोडेमची काही चिन्हे त्यात नष्ट होत. टेलिमॅटिक्स विकास केंद्राने, म्हणजे सी-डॉटने, विकसित केलेले ग्रामीण अंकीय केंद्र प्रथम १९८६ साली कर्नाटकातील कित्तूर येथे कार्यान्वित झाले. अशी केंद्रे पुढे देशभर खेडोपाडी बसविली गेली आणि केंद्रातील गोंगाटाचा प्रश्न मागे पडला.

तथापि केंद्र अंकीय झाले तरी त्यापासून तालुक्याच्या केंद्रापर्यंतचा मार्ग जुनाच राहिला, तर संकेताचे रूपांतर एकाहून अधिक वेळा होई. एका जोडीवर दोन ग्राहक बसविणाऱ्या उपकरणांमुळेही असे घडे. अशा ठिकाणी कोणत्याही वेळी, कोणत्याही ऋतूत वेग २६,४०० च्या आसपास अडकून राही. हा न हलणारा आकडा हेच त्या दोषाचे लक्षण. ग्राहकाने येथे घरातील वायरी बदलण्यात पैसा घालविणे व्यर्थ. उपाय खात्याकडेच असे.

सेवादात्याकडील गर्दी

जोडणीचा वेग चांगला दिसतो, पण माहिती मात्र संथ येते, अशीही एक अवस्था असे. तेथे तार निर्दोष असून सेवादात्याच्या पुढील मार्गावर गर्दी झालेली असते. शेकडो ग्राहक एकाच आंतरराष्ट्रीय मार्गात वाटेकरी होत. याची कसोटी सोपी होती. सेवादात्याच्या स्वतःच्या यंत्रावरील एखादी फाइल उतरवून घ्यावी आणि नंतर परदेशातील. पहिली वेगाने व दुसरी संथ आली, तर दोष ग्राहकाच्या तारेचा नव्हे. पहाटे सुरळीत आणि संध्याकाळी रखडत, असे होत असेल तरीही निष्कर्ष तोच.

वेग कमी करून वेळ वाचविणे

मोडेमच्या मांडणीतही काही सुधारणा शक्य होत्या. चुका शोधून ती माहिती पुन्हा मागविण्याची आणि माहिती आवळून पाठविण्याची सोय बहुतेक मोडेमांत असे. ती चालू आहे याची खात्री करावी लागे. साधा मजकूर आवळल्याने पुष्कळ लवकर पोहोचे. आधीच आवळलेल्या फाइली व छायाचित्रे यांना मात्र त्याचा लाभ नसे. पॅकेटचा आकार बदलण्यासारखे उपाय त्या काळी फार चर्चिले गेले, पण तार सदोष असेल तर त्यांचा उपयोग नगण्य असे.

याउलट एक उपाय वरकरणी विपरीत वाटे, पण गुणकारी ठरे. तो म्हणजे मोडेमला मुद्दाम कमी वेगाची मर्यादा घालणे. गोंगाटाच्या तारेवर मोडेम ३३,६०० चा वेग धरतो, खटका आला की थांबतो, काही सेकंद पलीकडील मोडेमशी पुन्हा जुळवाजुळव करतो आणि मग पुढे जातो. दर मिनिटास अशी २० सेकंदे वाया गेली, तर प्रत्यक्ष सरासरी २२,४०० बिटांवर येते. तोच मोडेम २६,४०० बिटांवर बांधून ठेवला आणि तो न थांबता चालला, तर काम लवकर होते व जोडणीही तुटत नाही. लांबच्या वाटेला निघालेल्या बैलजोडीस दौडविण्यापेक्षा समचालीने हाकणे शहाणपणाचे, हे शेतकऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही.

नोंदवहीची साक्ष

वरील सर्व लक्षणांत एक गोष्ट समान आहे. ती एका दिवसाच्या निरीक्षणाने कळत नाहीत. म्हणून अनुभवी माणसे साधी वही ठेवीत. तारीख, वेळ, फिरविलेला क्रमांक, मिळालेला वेग, जोडणी किती वेळ टिकली आणि त्या दिवशीचे हवामान एवढे सहा रकाने पुरत. दोन आठवड्यांच्या नोंदी समोर ठेवल्या की दोष आपणच बोलू लागे. पावसाशी जोडलेला दोष सांध्याचा, घड्याळाशी जोडलेला गर्दीचा, कधीही न बदलणारा केंद्राच्या मार्गाचा, आणि विजेचे उपकरण सुरू होताच उद्भवणारा घरातील वायरीचा.

दुसरा नियम एका वेळी एकच बदल करण्याचा. मोडेम, वायर आणि मांडणी तिन्ही एकाच दिवशी बदलली व वेग सुधारला, तर कशाने सुधारला हे कळत नाही. पुढच्या बिघाडास तोच खर्च पुन्हा होतो. नोंदवहीचा आणखी एक लाभ असा की, ‘नेट चालत नाही’ या तक्रारीपेक्षा ‘गेल्या दहा दिवसांत पावसाच्या सहा दिवशी वेग १४,४०० च्या वर गेला नाही’ ही तक्रार संबंधित अधिकाऱ्यास टाळता येत नाही, आणि लाइनमनलाही कोठून आरंभ करावा हे उमगते.

धार जिल्ह्याचा अनुभव

मंद जोडणीचा प्रश्न ग्रामविकासाशी कसा भिडतो, याचे बोलके उदाहरण मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात मिळते. आदिवासीबहुल अशा या जिल्ह्यात जानेवारी २००० मध्ये ज्ञानदूत प्रकल्प सुरू झाला. पंचायतींच्या इमारतींत संगणक केंद्रे उघडली गेली. त्यांना सूचनालय व ती चालविणाऱ्या स्थानिक तरुणास सूचक म्हणत. एकेका सूचनालयावर आसपासच्या २५ ते ३० गावांची भिस्त असे. बाजार समितीतील भाव, जमिनीच्या नोंदींची नक्कल, दाखल्यांसाठीचे अर्ज आणि प्रशासनाकडील तक्रारी ही कामे अल्प शुल्कात तेथे होत. त्याच वर्षी या प्रकल्पास स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय पुरस्कारही लाभला.

ही सूचनालये जिल्ह्याच्या मुख्य संगणकाशी डायल-अप मार्गाने जोडलेली होती. प्रकल्प आखला गेला तेव्हा तेथील बहुतेक ग्रामीण दूरध्वनी केंद्रे प्रकाशतंतूच्या मार्गावर नव्हती. परिणामी जोडणी लागणे, टिकणे आणि तिला वेग मिळणे, या तिन्हींत अडचणी आल्या. सूचकाला वेतन नव्हते. मिळालेल्या शुल्कावर त्याचा चरितार्थ होता. शेतमाल भरलेली गाडी कोणत्या बाजारात न्यावी हे विचारण्यास आलेला शेतकरी जोडणीअभावी रिकाम्या हाताने परतला, म्हणजे शेतकऱ्याची फेरी वाया आणि सूचकाचे शुल्कही बुडाले. असे वारंवार घडले की गावकऱ्यांचा विश्वासच उडतो. पुढील काळातील मूल्यमापनांत वीजपुरवठा आणि जोडणी या दोन अडचणी ठळकपणे नोंदविल्या गेल्या. चेन्नईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेल्या कॉरडेक्ट या बिनतारी पद्धतीकडे तेथे वळण्यात आले, त्यामागे हेच कारण होते. या पद्धतीत सेकंदास ३५,००० बिटांचा वेग मिळे व त्याच वेळी दूरध्वनीही वापरता येई.

महाराष्ट्रात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसरात १९९८ साली सुरू झालेल्या प्रकल्पाने निराळा धडा दिला. तेथील सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रांची योजना होती. कालांतराने या केंद्रांचे मुख्य काम उसाचे वजन, खतांची उचल आणि खात्यावरील रक्कम अशा मोजक्या आकड्यांच्या देवाणघेवाणीपुरते उरले. तेव्हा २००६-०७ च्या सुमारास काही गावांत संगणकाऐवजी मोबाइल दूरध्वनीवरील लघुसंदेशाने हीच माहिती देण्याचा प्रयोग करण्यात आला व शेतकऱ्यांनी तो पसंत केला. वाट अरुंद असेल तेव्हा ती रुंद होईपर्यंत थांबण्याऐवजी ओझे हलके करणे हाही एक मार्ग असतो, हे यावरून दिसते.

आजच्या पंचायतीसाठी

२००४ सालच्या ब्रॉडबँड धोरणात सेकंदास २५६ किलोबिट हा किमान वेग मानला गेला होता. २०१३ मध्ये तो ५१२ किलोबिट आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आला. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेत सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती प्रकाशतंतूने जोडण्याचे व प्रत्येकीस १०० मेगाबिटपर्यंत वेग देण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. साडेचौदा मिनिटांचे काम आता डोळ्याचे पाते लवण्याआधी होऊ शकते. तरीही दाखल्यासाठी आलेला गावकरी खिडकीपाशी ताटकळतो आणि ‘नेट स्लो आहे’ एवढेच उत्तर ऐकून परत जातो, असे प्रसंग संपलेले नाहीत.

येथे जुनी रीत जशीच्या तशी लागू पडते. टप्प्यांची नावे तेवढी बदलली आहेत. संगणक, वायफाय, पंचायतीतील प्रकाशतंतूची पेटी, गावापासून तालुक्यापर्यंतची केबल, सेवादात्याचा मार्ग आणि शेवटी ज्या संकेतस्थळावर काम करावयाचे ते यंत्र, असे हे टप्पे आहेत. प्रथम संगणक वायफायऐवजी केबलने थेट पेटीस जोडून वेग मोजावा. येथे तो सुधारला तर दोष भिंती, अंतर किंवा वायफायचा आहे. पेटीवरील दिवे पाहावेत. प्रकाशसंकेत नसल्याचा दिवा लागला असेल तर केबल तुटलेली, दबलेली किंवा फार वाकलेली असण्याचा संभव असतो. इतर संकेतस्थळे सुरळीत उघडत असून एकच अडत असेल, तर पंचायतीच्या जोडणीस दोष देण्याचे कारण नाही. मेगाबिट व मेगाबाइट यांतील आठपटीचा फरक ध्यानात ठेवावा. एकाच जोडणीवर कार्यालय, शाळा व दवाखाना असे किती वाटेकरी आहेत याचीही गणना व्हावी. वीज गेल्यास पेटी किती वेळ चालते, हेही पडताळून ठेवावे.

पंचायतीच्या कार्यालयात सहा रकान्यांची वही ठेवण्यास खर्च नाही. शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकाने वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून दररोज ठरावीक तीन वेळांस वेग मोजून घेतला, तर विद्यार्थ्यांना मोजमापाचा पाठ मिळेल आणि गावास पुरावा. मासिक सभेत त्या नोंदी वाचल्या जाव्यात आणि तक्रार करताना त्यांची प्रत जोडावी. तारेचा दोष लाइनमनने, सेवेचा दोष सेवादात्याने आणि आवारातील दोष पंचायतीने दूर करावयाचा असतो. कोणता दोष कोणाचा हे नोंदींवरून एकदा ठरले की बोटे दाखविण्यास जागा उरत नाही आणि खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाचे काम त्याच दिवशी होण्याची शक्यता वाढते.